पाचट, युरिया आणि मातीचे रवे

ऊसतोडणी झाली की पाचट पेटवायचं आणि खोडव्याला वाट मोकळी करायची, हे गावाकडे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हेक्टरी सात-आठ टन सेंद्रिय पदार्थ तासाभरात धूर होऊन जातो.

मातीत बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट स्राव सुट्या कणांचे रवे बांधतात. रव्यांमधल्या पोकळीतून पाणी मुरतं, हवा खेळते. जिवाणूंची उपासमार झाली की रवे फुटतात.

दक्षिण आफ्रिकेत माउंट एजकोंबला 1939 पासून एक प्रयोग चालू आहे: काही वाफ्यांत पाचट जाळतात, काहींत पसरून ठेवतात. पाचटाखालचे रवे जास्त टिकाऊ निघाले, हे अपेक्षितच. मला रोचक वाटतं ते खतांचं. खताने ऊस जोमदार वाढला, सेंद्रिय कर्बही वाढला, तरी रवे कमकुवत! नत्रखताने माती आम्ल झाली, कॅल्शियम-मॅग्नेशियम निघून गेलं, पोटॅशियम वाढलं. दोन धनभारांचं कॅल्शियम चिकणमातीचे कण जसं धरून ठेवतं, तसं एकाच भाराच्या पोटॅशियमला जमत नाही.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत आम्लतेची भीती कमी. तिथे अतिपाण्याने वर येणारं सोडियम हेच काम करतं. सांगली-कोल्हापूरकडची क्षारपड शिवारं आठवा.

म्हणून युरिया बंद करायचा का? नाही. पाचटात कर्ब भरपूर, नत्र तोकडा. ते कुजवताना जिवाणू मातीतला नत्र ओढतात. त्यासाठीच पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया टाकण्याची शिफारस आहे. तो वगळला तर खोडवा पिवळा पडतो, आणि शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा काडेपेटी काढतो.