ओळंब्यात म्हणजे नेमके किती?

पेटंटच्या दस्तऐवजात शोधाचे वर्णन आणि आकृत्या कितीही पाने व्यापत असल्या, तरी पेटंटधारकाचा हक्क कुठवर पोचतो हे शेवटी दिलेल्या क्रमांकित वाक्यांवरून, म्हणजे ‘दाव्यां’वरून ठरते. भारताच्या १९७०च्या पेटंट कायद्याचे कलम १०देखील शोधाची व्याप्ती दाव्यांत स्पष्ट करण्याची अट घालते. हे दावे शेतजमिनीच्या हद्दीसारखे असतात, मात्र ही हद्द दगडांनी नव्हे तर शब्दांनी आखलेली असल्याने तंटा उद्भवला की शब्दांचा अर्थ लावणे न्यायालयाकडे येते.

या अर्थान्वयनाला आजचे वळण देणारा खटला दारे-खिडक्यांवर बसवायच्या लिंटेलचा होता. कॅटनिक या ब्रिटिश कंपनीने पातळ पोलादी पत्र्याचे, आतून पोकळ आणि वजनाला हलके लिंटेल तयार करून त्याचे पेटंट घेतले होते आणि त्याची मागची पट्टी ‘उभी’, म्हणजे ओळंब्यात असेल, असे दाव्यात लिहिले होते. हिल अँड स्मिथ या कंपनीने तसेच लिंटेल विकायला काढले, पण त्यातील पट्टी ओळंब्यापासून आधी ६ आणि नंतरच्या नमुन्यात ८ अंशांनी कललेली होती. अपील न्यायालयाने बहुमताने उल्लंघन झाले नसल्याचे ठरवले. ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९८०मध्ये तो निर्णय फिरवला. तेथील न्यायाधीश लॉर्ड डिप्लॉक यांच्या मते दावा वकिलाच्या काटेकोर शब्दच्छलाने नव्हे, तर त्या धंद्यातील जाणकाराच्या नजरेने वाचायला हवा, आणि पेटंटधारकाला तो शब्द तंतोतंत पाळला जाणे अत्यावश्यक वाटत होते असे त्या जाणकाराला वाटेल का, हे पाहायला हवे. कलामुळे लिंटेलची भार पेलण्याची क्षमता ६ अंशांना ०.६ टक्के आणि ८ अंशांना १.२ टक्के एवढीच घटत होती. एवढ्यासाठी शोधकाने स्वतःचे संरक्षण सोडून दिले असेल, असे बांधकामातील कोणीही मानणार नव्हते. हेच ‘उद्देशानुसारी अर्थान्वयन’.

ही पद्धत न्याय्य आहे, कारण अन्यथा दुसऱ्याचे श्रम उचलण्यासाठी पत्रा जरासा वाकवणे पुरेसे ठरले असते. पण दावे शोधक स्वतःच लिहितो आणि इतर उत्पादक त्यांवर विसंबून आपले यंत्र आखतात, म्हणून उद्देशाच्या नावाखाली शब्द पुसून टाकण्याची मुभा न्यायालयांना नाही.

हे भारतात पुण्याच्या बजाज ऑटोच्या प्रकरणात दिसले. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याच्या तिच्या पेटंटच्या दाव्यात सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असतील, असे नमूद होते. टीव्हीएसच्या ‘फ्लेम’ मोटरसायकलच्या इंजिनात प्लग दोनच, परंतु व्हॉल्व्ह तीन होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी २००८मध्ये टीव्हीएसविरुद्ध अंतरिम मनाई हुकूम दिला, तर खंडपीठाने २००९मध्ये उद्देशानुसारी अर्थान्वयनाचाच आधार घेऊन, प्राथमिक पातळीवर, तो उठवला. ‘उभा’ हा शब्द गवंड्याच्या बोलण्यात थोडी सूट बाळगून असतो. ‘दोन’ या संख्येत तशी सूट वाचणे फार अवघड आहे.