हाकेला ओ न देणारं पोर

ऊस पिवळा पडू लागला की आपण लगेच गट ऑफिस गाठतो. पण दोन वर्षांचं पोर हाकेला वळून बघत नसेल, तर "बोलेल हो, त्याचा बापबी उशिराच बोलला" म्हणून घरची वडीलधारी मंडळी विषय मिटवतात. आम्हाला हे पटत नाही.

दारावरून उसाची ट्रॉली गेली की दीड वर्षाचे मूल बोट दाखवते आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघते. आपण पाहिले ते आईनेही पाहिले ना, याची ती खात्री असते. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या मुलात बहुधा नेमकी हीच गोष्ट दिसत नाही. खाऊ हवा असेल तर ते आपला हात धरून डब्यापर्यंत नेईल, पण बोट दाखवणार नाही. खेळण्यातला ट्रॅक्टर उलटा करून चाकच फिरवत बसेल. कुकरची शिट्टी झाली की कान झाकेल. एकाच खुणेवरून निदान होत नाही हे खरे. परंतु आलेले शब्द गेले तर अजिबात थांबू नये.

आधी कान तपासून घ्यावेत. बिस्किटाचा पुडा फोडला की धावत येणारे पोर नावाने हाक मारल्यावर ढिम्म बसते, हे डॉक्टरांना जरूर सांगावे. तरीही कानाची तपासणी चुकवू नये. रक्त तपासून स्वमग्नता कळत नाही. मुलाला खेळताना बघून आणि आईबापांना विचारूनच निदान होते. जाणकाराला ते दोन वर्षांच्या सुमारास करता येते.

"आई दिवसभर रानात, म्हणून पोर असं झालं" असे बोलणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांची हकिकत मांडली, आणि पुढे कित्येक वर्षे डॉक्टर लोकही आईलाच दोष देत राहिले. ते चूक ठरले. लसीचेही तसेच. १९९८ साली लंडनहून निघालेला तो लेख २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला अंगणवाडीत येते, त्यांना सांगावे. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. निदानाचा कागद मिळेपर्यंत मुलाशी बोलणे-खेळणे वाढवायला हरकत नाही. जाताना मोबाईलवर त्याच्या घरच्या खेळण्याचे चित्रण न्यावे. दवाखान्यात पोर बुजते, घरी करते ते तिथे करीत नाही.