वकील पारखून घ्या



बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो. मग नातेपुत्याच्या पालखी मार्गावर घरचा कर्ता वाहनाखाली सापडला, तर दवाखान्याच्या दारातल्या दलालाचे ऐकून वकीलपत्रावर सही का करता?

आधी वकिलाला विचारा: सनद कधीची? मोटार अपघाताचे किती दावे चालवले? डॉक्टरांची साक्ष, विमा कंपनीच्या साक्षीदारांचा उलटतपास स्वतः घेतला का? भरपाईत टक्केवारी मागणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. स्त्रियांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो; त्यासाठी माळशिरसच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.

अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावा. सातबारा, उसाची व दुधाची बिले जपा. कर्त्याची कमाई सिद्ध करायला ती कामी येतात.