नेट मंद आहे, म्हणून अपडेट बंद नको!

दुकानात गिऱ्हाईक बसलेले आहे, बाहेर टेम्पो भरून तयार आहे, ई-वे बिल काढण्यासाठी संगणक सुरू करावा तर पडद्यावर पाटी : अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका. आकडा 27 टक्क्यांवर अडकलेला. नगरच्या कापडबाजारापासून श्रीरामपूर, संगमनेर, जामखेडपर्यंत संगणक ठेवणाऱ्या पुष्कळ दुकानदारांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. मग संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावले जाते. तो दोन मिनिटांत अपडेट कायमचे बंद करून देतो. त्रास संपतो खरा. पण पुढचे शटर लावून मागचे दार उघडे ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

विंडोजसारख्या कार्यप्रणालीत वेळोवेळी फटी सापडतात. त्या बुजवण्यासाठी कंपनी दुरुस्ती पाठवते, तिलाच अपडेट म्हणतात. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुरुस्ती जाहीर झाली की फट कोठे होती हे चोरालाही समजते. त्यानंतर तो अशीच यंत्रे शोधतो, ज्यांच्या मालकांनी दुरुस्ती बसवलेली नाही.

2017 चा धडा

विंडोजमधील एका मोठ्या फटीची दुरुस्ती 14 मार्च 2017 रोजी आली. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने त्याच फटीतून सुमारे 150 देशांतील 2 लाखांहून अधिक संगणकांवर हल्ला केला. फाइली कुलूपबंद झाल्या आणि त्या सोडवण्यासाठी खंडणी मागितली गेली. ब्रिटनमधील रुग्णालये अडचणीत आली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक बंद पडले. दुरुस्ती येऊन जवळपास दोन महिने झाले होते. ती वेळेवर बसवणारे या फटीपुरते सुरक्षित होते.

पुढच्याच महिन्यात, 27 जून 2017 रोजी, तीच फट वापरणारा आणखी एक विषाणू युक्रेनमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीत शिरला. तिच्या समूहाकडे असलेले जेएनपीटी बंदरातील टर्मिनल त्यामुळे ठप्प झाले व कंटेनर अडकून पडले. हा विषाणू पासवर्ड चोरूनही पसरत होता, तेव्हा केवळ अपडेटने सारे टळले असते असे नाही. पण उघडी फट त्याच्या कामी आली, हे खरे. इतक्या मोठ्या कंपनीची ही गत, तर ज्याची खतावणी, उधारीचे खाते आणि जीएसटीचा हिसाब एकाच संगणकात आहे, त्या लहान व्यापाऱ्याचे काय होईल, याचा विचार आपणच करावा.

आधी हिसाब मांडा

मंद नेटची अडचण खोटी नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागात मोबाइलची रेंज धरण्यासाठी जागा शोधावी लागते. म्हणूनच आधी हिसाब करावा. नेटचा वेग 'एमबीपीएस'मध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचे आकारमान मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे 1 जीबीचे अपडेट 2 एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साधारण 1 तास 7 मिनिटे लागतात, 1 एमबीपीएसवर सव्वादोन तास. मोबाइलचा रोजचा कोटा संपून वेग 64 केबीपीएसवर आला असेल, तर त्याच 1 जीबीला जवळपास 35 तास! अशा वेळी टक्क्यांचा आकडा हलत नाही, त्यात संगणकाचा दोष नसतो.

दुसरी गोष्ट, अपडेटचे दोन भाग असतात : उतरवणे आणि बसवणे. उतरवताना नेट तुटले किंवा वीज गेली, तरी सहसा राहिलेले काम पुढे चालू होते. बसवताना मात्र वीज जाता कामा नये. विंडोज बिघडू शकते. म्हणून मंद नेटवर उतरवणे रात्री हळूहळू होऊ द्यावे आणि बसवण्याचे काम वीज खात्रीची असताना, यूपीएस लावून, आपण समोर असताना करावे.

काय करावे?

1. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल, तर नेटच्या सेटिंग्जमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' सुरू करावे. मग बहुतेक अपडेट आपल्या सांगण्याशिवाय उतरत नाहीत, आणि कोटा ऐन बिलाच्या वेळी संपत नाही.

2. रोजचा कोटा मध्यरात्री नव्याने मिळत असेल, तर रात्री अकराच्या सुमारास उतरवणे सुरू करावे. आजचा उरलेला कोटा आणि बारानंतर उद्याचा, दोन्ही कामी येतात. त्या रात्रीपुरते संगणकाचे आपोआप झोपणे, म्हणजे 'स्लीप', बंद ठेवावे.

3. 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स'मध्ये दुकानाची वेळ भरावी. त्या वेळेत संगणक आपण होऊन रीस्टार्ट होत नाही. ईदच्या आधीच्या गर्दीत, दुकान मध्यरात्रीपर्यंत चालते तेव्हा, 'पॉज अपडेट्स'ने पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येते. मात्र ईद झाली की ते बसवण्यास विसरू नये.

4. दुकानात दोन-तीन संगणक असल्यास 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये फक्त आपल्या स्थानिक नेटवर्कची निवड करावी. एका संगणकाने उतरवलेले अपडेट दुसरे त्याच्याकडून घेतात. तेथेच इंटरनेटवरील संगणकांचीही निवड असेल, तर ती काढावी. नाहीतर आपली मंद लाइन अनोळखी लोकांना अपडेट पुरवत राहते. उतरवण्याच्या वेगाला मर्यादा घालण्याची सोयही येथेच आहे.

5. नेट अगदीच कामाचे नसेल, तर ज्याच्याकडे फायबर आहे अशा नातेवाइकाकडे जाऊन 'मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग' या कंपनीच्याच संकेतस्थळावरून फाइल पेन ड्राइव्हवर आणावी. आपल्या विंडोजची नेमकी आवृत्ती आधी कागदावर लिहून न्यावी. एका क्रमांकाखाली दोन फाइली दिसल्या, तर दोन्ही घ्याव्यात. मासिक अपडेटमध्ये सहसा मागच्या महिन्यांच्या दुरुस्त्याही असतात, त्यामुळे सहा महिने चुकले तरी सहा फाइली लागत नाहीत. विंडोजची संपूर्ण नवी आवृत्ती आणायची असेल, तर किमान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह न्यावा. दुसऱ्या कोणत्याही संकेतस्थळावरून अपडेट घेऊ नये, आणि पेन ड्राइव्ह आधी विषाणूसाठी तपासावा.

घाई नको, दिरंगाईही नको

अपडेटनेही घोटाळा होतो. 19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. विंडोजचे मासिक अपडेट दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री उशिरा येते. तीन-चार दिवस थांबून, हिसाबाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेऊन, मग ते बसवावे. शुक्रवारी जुम्यासाठी दुकान बंद असते, तो वेळ उतरवण्यास बरा. बसवणे परत आल्यावर.

जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. विंडोज 7 च्या दुरुस्त्या 14 जानेवारी 2020 रोजी थांबल्या, विंडोज 10 च्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी. विंडोज 10 च्या वैयक्तिक संगणकांसाठी नोंदणी करणाऱ्यांना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली. पण लग्नपत्रिका छापणाऱ्या कारागिराचे जुने इनपेज, किंवा भरतकामाच्या व कटिंगच्या मशीनचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालतेच असे नाही. अशा संगणकाची नेटची वायर काढून ठेवावी, त्याला फक्त त्याचेच काम द्यावे, आणि बँक, जीएसटी व ईमेल दुसऱ्या, अपडेट केलेल्या संगणकावर करावेत.

मार्केटमधील चार दुकानदारांनी मिळून महिन्यातून एकदा एकाच पेन ड्राइव्हवर फाइली आणल्या, तर कोणावरच भार पडत नाही. विंडोजची आवृत्ती एकच असेल, तर तीच फाइल चौघांना चालते. पुढच्या वेळी दुरुस्तीवाला 'अपडेट बंद करून टाकू का?' असे विचारील, तेव्हा त्याला सांगावे : बंद नको, वेळ लावून दे.