मालकाला कामावरून कोण काढणार?

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, आणि लोकलमध्ये चढल्यावर ज्यांच्या लक्षात येतं की इअरफोन घरीच राहिले, त्या सगळ्यांसाठी हा या एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना मी जिथे जिथे भरकटलो ते थोडं छाटलंय. बाकी जसंच्या तसं.

तर तारीख आहे २७ एप्रिल २०१४, रविवार. कॅलिफोर्नियातलं ओकलंड शहर. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग, तिचे प्लेऑफ चालू आहेत. लॉस एंजेलिस क्लिपर्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स, मालिकेतली चौथी मॅच. मॅचच्या आधी क्लिपर्सचे खेळाडू कोर्टच्या मधोमध आले, अंगावरचे वॉर्म-अपचे जॅकेट काढले आणि तिथेच जमिनीवर टाकून दिले. आत लाल टी-शर्ट होते, पण उलटे घातलेले. टीमचं नाव आतल्या बाजूला. कुणी भाषण नाही केलं, घोषणा नाही दिली. सराव केला, मॅच खेळले आणि ११८-९७ अशी हरले.

आपल्याच टीमचं नाव झाकायची वेळ का आली? कारण दोनच दिवसांपूर्वी टीएमझेड या वेबसाइटनं एक ऑडिओ टाकला होता. त्यात क्लिपर्सचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग आपल्या मैत्रिणीला सांगताहेत की कृष्णवर्णीय लोकांबरोबरचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नकोस, त्यांना माझ्या मॅचला आणू नकोस. फोटो कुणाबरोबरचा होता? मॅजिक जॉन्सनबरोबरचा. म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये बास्केटबॉलचं दैवत समजला जाणारा माणूस! आणि ज्या लीगमध्ये साधारण चारातले तीन खेळाडू कृष्णवर्णीय, त्या लीगमधला हा मालक.

इथपर्यंतची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी रीलमध्ये पाहिली असेल. मालक वर्णद्वेषी निघाला, ऑडिओ लीक झाला, हकालपट्टी झाली, न्याय झाला, टाळ्या. पण मला या एपिसोडमध्ये ऑडिओच्या आधीची अकरा वर्षं सांगायची आहेत. कारण स्टर्लिंग कसे आहेत हे शोधायला ऑडिओची गरजच नव्हती. ते कोर्टाच्या कागदांत होतं, कुणीही वाचावं असं.

स्टर्लिंग मुळात वकील, पण पैसा केला तो जागांच्या धंद्यात. लॉस एंजेलिस भागात त्यांच्या भाड्यानं द्यायच्या इमारतीच इमारती. २००३ मध्ये घरहक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं आणि काही भाडेकरूंनी त्यांच्यावर दावा ठोकला. आरोप असा की ते कृष्णवर्णीय आणि लॅटिनो भाडेकरूंना टाळतात, छळून बाहेर काढायला बघतात. त्या केसमध्ये त्यांच्याकडेच काम केलेल्या व्यक्तीचा शपथेवरचा जबाब आहे. कृष्णवर्णीय भाडेकरूंना वास येतो, ते घाण करतात, असं साहेब म्हणाले, अशा मजकुराचा. ती केस २००५ मध्ये तडजोडीनं मिटली.

मग २००६ मध्ये थेट अमेरिकन सरकारच्या न्याय खात्यानं दावा केला. कोरियाटाऊन नावाच्या भागात फक्त कोरियन भाडेकरू हवेत म्हणून इतरांना जागा नाकारली, बेव्हर्ली हिल्समध्ये कृष्णवर्णीयांना नाकारली, लहान मुलं असलेल्या कुटुंबांना नाकारली, असे आरोप. २००९ मध्ये स्टर्लिंगनी २७ लाख २५ हजार डॉलर भरायचं मान्य केलं आणि गुन्हा काही कबूल केला नाही. भाड्याच्या घरांतल्या भेदभावाच्या केसमध्ये सरकारनं तोवर मिळवलेली ती सगळ्यात मोठी रक्कम होती.

आता विचार करा. वास्तव काय होतं? कुणीतरी जागा बघायला गेलं, पगाराची स्लिप हातात, आणि दारातूनच उत्तर मिळालं, ‘जागा गेली’. (मुंबई-पुण्यात आडनाव विचारून नंतर फोनच न उचलणारे ब्रोकर ज्यांनी अनुभवलेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.) इथे एखाद्या म्हाताऱ्याची घरातली बडबड नव्हती. लोकांच्या डोक्यावरचं छप्पर होतं.

आणि एनबीएनं काय केलं? काहीच नाही. ना दंड, ना निलंबन. उलट गंमत ऐका. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना आहे, एनएएसीपी. तिच्या लॉस एंजेलिस शाखेनं २००९ मध्ये स्टर्लिंगना पुरस्कार दिला होता, आणि मे २०१४ मध्ये त्यांना जीवनगौरव देणार होती! ऑडिओ आल्यावर तो रद्द झाला आणि शाखेच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं. देणग्या बोलतात, बरं का.

टीमच्या आतूनही एकदा आवाज उठला होता. एल्जिन बेलर हे जुने महान खेळाडू २२ वर्षं क्लिपर्सचे जनरल मॅनेजर होते. त्यांनी २००९ मध्ये वय आणि वंश अशा दोन्ही कारणांनी अन्याय झाल्याचा दावा केला. वंशाचा मुद्दा त्यांनी पुढे मागे घेतला आणि उरलेल्या केसमध्ये २०११ साली ज्युरीनं स्टर्लिंगच्या बाजूनं निकाल दिला. हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट एकतर्फी होईल.

मग प्रश्न येतो, लीग गप्प का बसली? यासाठी एक रचना समजून घ्यावी लागेल, आणि इथे आयपीएलचं उदाहरण कामाला येतं. आयपीएलमध्ये टीमच्या मालकांच्या वर बीसीसीआय आहे. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा समितीनं चेन्नई आणि राजस्थान या टीम्सना दोन वर्षं बाहेर बसवलं, तेव्हा बाकीच्या मालकांचं मत कुणी विचारलं नव्हतं. एनबीएत असा वरचा मजलाच नाही. तीस टीम्सचे मालक मिळून जी मंडळी होते, बोर्ड ऑफ गव्हर्नर्स, तीच लीग. कमिशनरला नेमतात तेच, पगार देतात तेच, आणि ठरवलं तर घरी पाठवतातही तेच. म्हणजे कमिशनर खेळाडूचा साहेब आणि मालकाचा नोकर. सोसायटीच्या सेक्रेटरीला बिल्डरवरच कारवाई करायला सांगण्यासारखं आहे हे.

एखाद्या मालकाची टीम काढून घ्यायची तर या मंडळींची तीन-चतुर्थांश मतं लागतात. आज त्याची काढली तर उद्या माझी, हा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात. २०१४ मध्ये डॅलसचे मालक मार्क क्यूबन हे उघड बोलले. स्टर्लिंगचं बोलणं त्यांना घृणास्पदच वाटलं, पण माणूस घरात काय बोलतो यावरून टीम काढून घेणं ही निसरडी वाट आहे, असं त्यांचं म्हणणं. मला हा मुद्दा अगदीच फालतू वाटत नाही. चोरून केलेल्या रेकॉर्डिंगवर शिक्षा द्यावी का, हा खरा प्रश्न आहे. पण मग इतकी वर्षं कोर्टाच्या फाइलवर कुणी बोट का ठेवलं नाही, हाही तितकाच खरा. करीम अब्दुल-जब्बार या दिग्गजानं त्याच आठवड्यात टाइम मासिकात लिहिताना नेमकं हेच विचारलं होतं, की हा संताप तेव्हा कुठे होता.

बरं, २०१४ मध्ये मग चक्र का फिरलं? दोन गोष्टी झाल्या. पहिली, स्पॉन्सर पळाले. कारमॅक्स, व्हर्जिन अमेरिका, किया, स्टेट फार्म, एकामागून एक कंपन्यांनी हात काढून घेतले किंवा जाहिराती थांबवल्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खेळाडूंनी खेळणं थांबवायची तयारी केली. क्लिपर्सचा क्रिस पॉल तेव्हा खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्षही होता. आणि समोरच्या वॉरियर्सचा प्लॅन काय होता, ते स्टेफ करीनं नंतर सांगितलं. कमिशनरचा निर्णय मिळमिळीत निघाला असता, तर पाचव्या मॅचला कोर्टवर यायचं, सुरुवातीला बॉल हवेत उडाला की तो खाली पडू द्यायचा, आणि सगळ्यांनी निघून जायचं. लाइव्ह टीव्हीवर! प्लेऑफमधली मॅच, प्रेक्षकांनी भरलेलं स्टेडियम आणि कोर्टवर एकटा पडलेला बॉल.

२९ एप्रिलला, त्याच पाचव्या मॅचच्या दिवशी, कमिशनर अॅडम सिल्व्हर पत्रकारांसमोर आले. खुर्चीवर बसून त्यांना तीन महिनेही झाले नव्हते. स्टर्लिंगवर आजन्म बंदी, २५ लाख डॉलर दंड (नियमांत बसणारा सगळ्यात मोठा), आणि टीम विकायला लावण्यासाठी मी इतर मालकांकडे जातोय, अशी घोषणा. त्या रात्री मॅच झाली. क्लिपर्स ११३-१०३ जिंकले.

आता पैशाचं बोलू, कारण ‘शिक्षा’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरावा लागतो. स्टर्लिंगनी ही टीम १९८१ मध्ये सुमारे सव्वा कोटी डॉलरला घेतली होती. २०१४ च्या सुरुवातीला फोर्ब्सनं तिची किंमत ५७ कोटींच्या आसपास धरली होती. बंदीनंतर त्यांची पत्नी शेली यांनी कौटुंबिक ट्रस्टच्या वतीनं मायक्रोसॉफ्टचे माजी सीईओ स्टीव्ह बाल्मर यांच्याशी सौदा केला. २०० कोटी डॉलर! एनबीएच्या टीमला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी किंमत होती ५५ कोटी. स्टर्लिंगनी नवऱ्याच्या नात्यानं आणि ट्रस्टच्या नात्यानंही विरोध केला, कोर्टात गेले, पण डॉक्टरांनी त्यांना व्यवहार सांभाळायला मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलं होतं आणि न्यायाधीशांनी शेलीच्या बाजूनं निकाल दिला. ऑगस्टमध्ये सौदा पुरा झाला. २०० कोटी मिळाले आणि २५ लाख दंड. म्हणजे आठशे रुपयांवर एक रुपया.

हे एकदाच झालं असतं तर अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. पण आठ वर्षांनी तोच क्रिस पॉल फिनिक्स सन्स टीममध्ये होता, आणि तिथले मालक होते रॉबर्ट सारव्हर. २०२१ मध्ये ईएसपीएननं त्यांच्या वागण्यावर मोठी बातमी केली, लीगनं बाहेरची लॉ फर्म नेमली, ३२० लोकांशी बोलणं झालं. अहवालात आलं की सारव्हरनी कृष्णवर्णीयांसाठीची ती घाणेरडी शिवी इतरांचं बोलणं सांगताना निदान पाच वेळा उच्चारली, बायकांशी असभ्य आणि असमान वागणूक, कर्मचाऱ्यांवर आरडाओरडा, असं बरंच काही. मात्र यामागे वंशद्वेष होता असा निष्कर्ष फर्मनं काढला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षा जाहीर झाली. एक वर्ष निलंबन आणि एक कोटी डॉलर दंड. टीम त्यांचीच.

पत्रकारांनी सिल्व्हरना विचारलं, हे एखाद्या कर्मचाऱ्यानं केलं असतं तर त्याची नोकरी राहिली असती का? त्यावर त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की टीमच्या मालकाचे काही हक्क असतात, ते कर्मचाऱ्याला नसतात. लोक त्यांच्यावर तुटून पडले, पण मला वाटतं त्या दिवशी सिल्व्हर फक्त खरं बोलले.

क्रिस पॉल आणि लेब्रॉन जेम्स या दोघांनी ही शिक्षा अपुरी असल्याचं जाहीर सांगितलं. जर्सीवर जिचा लोगो होता त्या पेपॅलनं कळवलं, सारव्हर राहणार असतील तर आम्ही करार वाढवणार नाही. टीमचे उपाध्यक्ष जाम नजाफी यांनी राजीनामा मागितला. शिक्षेनंतर आठच दिवसांत सारव्हरनी टीम विकायला काढली. ती मॅट इशबिया यांनी घेतली, ४०० कोटी डॉलर मूल्य धरून. सारव्हरच्या गटानं २००४ मध्ये तिच्यासाठी मोजले होते ४० कोटी.

शेवटी एक प्रश्न, जो रेकॉर्डिंग ऐकून आमच्याच टीममधून आला. त्या घरांच्या केसचं पुढे काय? २९ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत कुणीतरी हे विचारलंच होतं. सिल्व्हर म्हणाले की ही शिक्षा ठरवताना जुनं वागणं धरलेलं नाही. पण मालक म्हणून हा माणूस लायक आहे का, यावर बोर्ड ऑफ गव्हर्नर्स बसेल तेव्हा आयुष्यभराचं वागणं विचारात घेतलं जाईल.

बोर्डाची ती बैठक ३ जूनला होती. त्याच्या पाच दिवस आधी बाल्मरबरोबरचा सौदा ठरला आणि बैठक रद्द झाली.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. इअरफोन आठवणीनं घ्या.