अ‍ॅपच्या उंबरठ्यावरचा पहारेकरी

फोनवर एखाद्या अ‍ॅपच्या चिन्हावर बोट टेकवल्यापासून पहिला स्क्रीन दिसेपर्यंत जो क्षण जातो, त्यात पडद्यामागे बरीच धावपळ चालू असते. हा क्षण लांबला तर लोक कंटाळतात. अ‍ॅप पूर्ण बंद असताना ते उघडायला 5 सेकंद किंवा जास्त लागले, तर गूगल ते प्रमाणाबाहेर संथ मानतं. आणि या टप्प्यात काही बिघडलं तर पुढचं काहीच दिसत नाही, माणूस सरळ अ‍ॅप काढून टाकतो. म्हणून आज या सुरुवातीच्या मांडणीबद्दल आणि ती तपासणाऱ्या एका जुन्या युक्तीबद्दल.

उदाहरण अँड्रॉइडचं घेऊ. कोणतंही अ‍ॅप एकट्याने लिहिलेलं नसतं. चित्रं दाखवणं, मागच्या मागे फाइल पाठवणं, अ‍ॅप कोसळलं तर त्याची खबर देणं, अशी कामं तयार लायब्ऱ्यांकडून करून घेतात. या लायब्ऱ्यांना अ‍ॅप उघडताच तयार व्हायचं असतं. त्यासाठी त्यांनी एक चोरवाट शोधली होती. अँड्रॉइडमध्ये 'कंटेंट प्रोव्हायडर' नावाचे घटक असतात आणि अ‍ॅपचं ऑनक्रिएट हे सुरुवातीचं फंक्शन चालण्याआधीच ते उभे राहतात. मग प्रत्येक लायब्ररी आपापला प्रोव्हायडर घेऊन येऊ लागली. अ‍ॅप लिहिणाऱ्याला एक ओळही लिहावी लागत नाही, हे खरं. पण दहा लायब्ऱ्या म्हणजे दहा प्रोव्हायडर, आणि प्रत्येकाला उभं करायला वेळ लागतो.

2020 मध्ये गूगलने जेटपॅक संचात 'अ‍ॅप स्टार्टअप' नावाची लायब्ररी आणली. प्रोव्हायडर एकच, सगळ्यांनी तोच वापरायचा. प्रत्येक लायब्ररीने 'इनिशियलायझर' नावाचा एक छोटा क्लास लिहायचा. त्यात दोनच फंक्शनं: मला तयार कसं करायचं, आणि माझ्याआधी कोण तयार हवं. मग त्या क्लासचं नाव मॅनिफेस्ट फाइलमध्ये मेटा-डेटाची एक ओळ म्हणून नोंदवायचं. अ‍ॅप उघडताना प्रोव्हायडर ती नावं वाचतो आणि एकेकाला क्रमाने उठवतो.

गोम इथेच आहे. क्लास असतो कोटलिनच्या फाइलमध्ये आणि त्याचं नाव असतं एक्सएमएलच्या फाइलमध्ये, साध्या मजकुराच्या रूपात. कोटलिनचा कंपायलर मॅनिफेस्ट वाचत नाही. दोन्ही फाइली आपापल्या जागी बिनचूक असल्या तरी त्यांचा मेळ बसला आहे का, हे तो सांगू शकत नाही.

यातून दोन प्रकारचे घोळ होतात. पहिला गाजावाजा करणारा. प्रोव्हायडर फक्त नावावरून वस्तू बनवतो, त्यामुळे क्लासच्या कन्स्ट्रक्टरला एकही पॅरामीटर नसलेला चालतो. कुणी तिथे पॅरामीटर मागितला की अ‍ॅप उघडताक्षणी कोसळतं. हे पहिल्याच चाचणीत दिसतं, त्यामुळे त्याची मला फारशी धास्ती वाटत नाही.

दुसरा घोळ मुकाट असतो. मॅनिफेस्टमधली ओळ राहूनच गेली, तर इनिशियलायझरला कुणी हाकच मारत नाही. अ‍ॅप व्यवस्थित उघडतं, चालतं. समजा, हा इनिशियलायझर कोसळण्याची खबर देणाऱ्या लायब्ररीचा होता. आता अ‍ॅप हजार फोनवर कोसळलं तरी तक्त्यावर तक्रारी शून्य, आणि सगळी टीम खूश!

हा मेळ तपासतं ते 'लिंट'. अमेरिकेत किंवा युरोपात कपड्यांचा ड्रायर वापरणाऱ्यांना जाळीवर जमणारा तंतूंचा करडा थर ठाऊक असेल. तोच लिंट. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 1978 च्या सुमारास सी भाषेतल्या प्रोग्रॅममधला असा कचरा वेचणारं साधन लिहिलं आणि त्याला हे नाव दिलं. प्रोग्रॅम न चालवता, फक्त वाचून दोष शोधायचे, यालाच स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणतात.

अँड्रॉइडचं लिंट कोटलिन आणि एक्सएमएल दोन्ही वाचतं. अ‍ॅप स्टार्टअपसाठी ते प्रोजेक्टमधले सगळे इनिशियलायझर गोळा करतं आणि मॅनिफेस्टमधल्या नावांशी ताडून बघतं. यात एक बारकावा आहे. 'क'ला 'ख' आधी हवा असेल, तर 'ख'ची वेगळी नोंद लागत नाही, 'क' त्याला ओढून आणतोच. तेव्हा कोण कुणावर अवलंबून आहे, हेही पाहावं लागतं.

काही नियम तर उलटे असतात. वर्कमॅनेजर ही मागच्या मागे कामं उरकणारी लायब्ररी अ‍ॅप स्टार्टअपमधूनच सुरू होते. तुम्हाला ती आपल्या सेटिंगसह, गरज पडेल तेव्हाच सुरू करायची असेल, तर तिची आधीची नोंद मॅनिफेस्टमधून मुद्दाम काढावी लागते. न काढल्यास ती मूळ सेटिंगसह आधीच सुरू होते आणि तुमची सेटिंग कुणी विचारत नाही. यासाठीही लिंटचा स्वतंत्र नियम आहे. हे नियम लायब्ररीसोबतच तुमच्या प्रोजेक्टमध्ये येतात, ही मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. खड्डा कुठे आहे हे ज्याला माहीत, त्यानेच तिथे पाटी लावलेली बरी.

पाटीलाही मर्यादा आहेत. इनिशियलायझरच्या आत कुणी भलीमोठी फाइल वाचत बसलं, तर नोंदी जुळल्यावर हा नियम समाधानी. प्रोग्रॅम नेमकं कसं वागेल, हे केवळ वाचून प्रत्येक वेळी सांगणारं साधन बनूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी 1953 मध्ये गणिताने दाखवलं. किती वेळ लागतो, हे फोनवरच मोजावं लागतं, आणि तेही ऑफिसातल्या नव्याकोऱ्या फोनवर नको. गावी आईबाबांच्या हातात असलेला चार वर्षांपूर्वीचा फोन यासाठी उत्तम.

जुन्या प्रोजेक्टवर लिंट पहिल्यांदा चालवलं की शेकडो तक्रारी निघतात. त्यासाठी 'बेसलाइन' फाइलची सोय आहे: आजवरच्या तक्रारी तिच्यात टाकल्या की पुढे फक्त नव्या दिसतात. सोय चांगली आहे, पण कुणी न वाचता ती फाइल भरली, तर राहून गेलेल्या मेटा-डेटाच्या ओळीची तक्रारही तिच्यातच जाऊन बसते, आणि तिथून ती पुन्हा कुणाला दिसत नाही.