शाळेचा अर्धा भार घरावर आहे

मूल नापास झाले की आईबाप मास्तरांस दोष देतात, मास्तर आईबापांकडे बोट दाखवितात, आणि उभयतां मिळून सरकारच्या नावाने खडे फोडतात. या भांडणात मुलाचे वर्ष मात्र फुकट जाते. धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेचा नाही. म्हणून त्याचा विचार करणे आम्हांस अवश्य वाटते.

शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य ठरविले, परंतु चुकणाऱ्यास शिक्षा सांगितली नाही. दंडाच्या भयाने मूल शाळेच्या दारापर्यंत येईल. त्याचे मन अभ्यासात रमविणे हे दंडाचे काम नव्हे. अमेरिकेत जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने लाखो विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ साली दाखविले की, शाळेच्या इमारतीपेक्षा व साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा मुलाच्या प्रगतीशी अधिक निकट संबंध असतो.

पण ज्याचे घरच अर्धे वर्ष गावात नसते, त्याने काय करावे? दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम इत्यादी तालुक्यांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायको मिळून एक कोयता. अंगावर मुकादमाची उचल. ती फिटल्यावाचून सुटका नाही. थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी फडावर जाते आणि शाळेच्या पटावर तिचे नाव तेवढे मागे राहते. अशा आईबापांस शिक्षणाची आवडच नाही, असे म्हणणारे शहाणे आमच्या शहरांत पुष्कळ आहेत. उचलीने बांधलेल्या माणसाच्या आवडीनिवडीची परीक्षा हे गृहस्थ कशी करतात, हे आम्हांस समजत नाही.

आता पेठेतील सुस्थित घराकडे पाहावे. दहावी झाली की मुलास लातूरच्या शिकवणीस धाडावे, फी भरावी आणि टक्के मोजावे, एवढ्यात पितृकर्तव्य संपले असे तेथे मानतात. मुलगा झोपतो किती, जेवतो काय, भितो कशास, हे विचारण्यास फुरसत नाही. दुकानाची रोजकीर्द रोज रात्री तपासणारा व्यापारी मुलाची विचारपूस वर्षातून एकदा, निकालाच्या दिवशी करतो! फडावरचा बाप लाचारीने दूर आहे, पेठेतला राजीखुशीने. अधिक दोषी कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

याच जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ साली, निजामी अमलात, राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. दरबारची मर्जी नसता ज्या आईबापांनी आपली मुले तेथे धाडली, त्यांनी शाळा आपली मानली होती. आज कायदा आपल्या बाजूस आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मग ती समिती केवळ सह्यांपुरती का असावी?

आमची सूचना साधी आहे. दरसाल दसऱ्यापूर्वी समितीने सभा भरवावी. कोणती कुटुंबे तोडीस जाणार याची यादी करावी. मुले आजीआजोबांजवळ की हंगामी वसतिगृहात राहतील, हे आईबापांसमक्ष ठरवावे. आणि वसतिगृहाची मागणी वेळेवर करावी. बिऱ्हाड गाडीत बसल्यावर धावाधाव करणे व्यर्थ होय. गावातील शिकलेल्या मंडळींनी या मुलांची संध्याकाळची उजळणी घेतल्यास त्यांचे काही बिघडणार नाही. पेठेतील वाचकांनी मात्र घरापासून आरंभ करावा: रोज रात्री अर्धा तास मुलाजवळ बसावे, आणि पहिला प्रश्न गुणांचा विचारू नये.

मुलास पैका ठेवून जाणे सर्वांस साधत नाही. त्याच्याकडे लक्ष देणे मात्र ज्यांस साधते, त्यांनी तरी ते टाळू नये.